पूडर नदीकाठी ट्रेलर लावताना: लहरी हवेतल्या मुक्कामाची तयारी

कोलोरॅडोतील फोर्ट कॉलिन्स शहराच्या वायव्येला राज्य महामार्ग १४ एका अरुंद दरीत शिरतो आणि तिथून पुढे कॅश ला पूडर नदीची सोबत सुरू होते. स्थानिक लोक तिला नुसते ‘पूडर’ म्हणतात. रूझवेल्ट राष्ट्रीय वनातील अनेक कॅम्पग्राउंड या नदीच्या अगदी काठाला आहेत आणि डेन्व्हरहून साधारण दोन तासांत तिथे पोहोचता येत असल्यामुळे नव्याने ट्रेलर (गाडीमागे जोडून ओढत नेण्याचे फिरते घर) घेतलेली किंवा भाड्याने आणलेली अनेक कुटुंबे पहिल्या मुक्कामासाठी हीच दरी निवडतात. जागा निःसंशय सुंदर आहे. मात्र सकाळी लख्ख ऊन, दुपारी गारा आणि रात्री गोठणबिंदूजवळचे तापमान एकाच दिवसात अनुभवायला मिळणे इथे नवलाचे नाही. अशा हवेत नदीकाठी ट्रेलर नेताना कोणती कामे कोणत्या क्रमाने करावीत, हे पुढे दिले आहे. प्रत्येक पायरीवर एक प्रश्न डोळ्यांसमोर ठेवावा, तो म्हणजे रात्री दोन वाजता पाणी वाढले तर आपल्याला इथून कसे निघता येईल.

तारीख ठरवणे

पूडरच्या पाण्याला दोन वेगळी कारणे आहेत आणि ती वेगळी ओळखणे आवश्यक आहे. पहिले कारण बर्फ. मे महिन्यात डोंगरावरचा बर्फ वितळू लागतो आणि नदी बहुतेक वर्षी जूनच्या पूर्वार्धात कळसाला पोहोचते. हे पाणी हळूहळू चढते. दिवसा वितळलेला बर्फ खालच्या दरीत येईपर्यंत संध्याकाळ किंवा रात्र होते, त्यामुळे दुपारी पाहिलेल्या पातळीपेक्षा रात्रीची पातळी थोडी अधिक असू शकते. दुसरे कारण पाऊस. जुलै आणि ऑगस्टमध्ये दुपारनंतर डोंगरावर ढग दाटतात आणि थोड्याच वेळात एखाद्या लहान ओढ्याच्या डोक्यावर बरसून मोकळे होतात. हे पाणी मिनिटांत येते, आणि पाऊस आपल्या डोक्यावर पडलेला असतोच असे नाही.

लहान मुले बरोबर असतील तर जून टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या काळात पाणी इतके थंड आणि वेगवान असते की काठावरून घसरलेल्या माणसाला पोहता येत असूनही फारसा उपयोग होत नाही. ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरचा मध्य हा काळ पहिल्या खेपेसाठी सर्वांत बरा आहे, कारण तोवर नदी उतरलेली असते आणि वादळेही कमी झालेली असतात. थंडी वाढते, पण तिचा बंदोबस्त करता येतो.

निघण्यापूर्वी नदीचा विसर्ग पाहण्याची सवय लावून घ्यावी. अमेरिकेत तो घनफूट प्रतिसेकंद या एककात देतात आणि ते म्हणजे आपल्या वर्तमानपत्रांतला ‘क्युसेक’च. कोयनेचा विसर्ग वाचत मोठे झालेल्या माणसाला हे आकडे परके वाटणार नाहीत. एका दिवसाच्या आकड्याला मात्र अर्थ नसतो. मागच्या आठवड्याचा आलेख चढता आहे की उतरता, हे पाहावे.

जागेची निवड

आरक्षण करताना नकाशावर ‘नदीलगत’ असे लिहिलेल्या जागेचा मोह सगळ्यांनाच होतो. शक्य असेल तर त्याच कॅम्पग्राउंडमधील रस्त्याच्या किंवा डोंगराच्या बाजूची रांग निवडावी. नदीचा आवाज तिथेही येतो. भारतातून आलेले आई-बाबा बरोबर असतील आणि त्यांचे गुडघे दुखत असतील तर याबाबत तडजोड करूच नये, कारण अंधारात चढण चढणे त्यांना जमेल की नाही, यावर सगळे अवलंबून राहते.

प्रत्यक्ष जागेवर पोहोचल्यावर ट्रेलर लावण्याआधी दहा मिनिटे पायी फिरावे. काठावरच्या झुडपांच्या फांद्यांमध्ये वाळलेले गवत, काटक्या किंवा प्लास्टिक अडकलेले दिसते का, ते पाहावे. पूर्वी पाणी कुठवर चढले होते याची ती खूण असते आणि ती बहुधा वाटते त्यापेक्षा बरीच वर सापडते. बाजूच्या डोंगरातून एखादी घळ उतरून आपल्या जागेच्या तोंडाशी येत असेल तर ती जागा सोडावी, मग ती नदीपासून कितीही उंच असो. नंतर वर पाहावे. वाळलेली झाडे आणि नदीकाठच्या कॉटनवुडच्या जाड फांद्या वाऱ्यात अचानक तुटतात, म्हणून त्यांच्याखाली ट्रेलर नको.

पूडरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. २०२० साली कॅमेरॉन पीक वणव्यात या परिसरातील दोन लाख एकरांहून अधिक क्षेत्र जळाले. कोलोरॅडोच्या नोंदलेल्या इतिहासातला तो सर्वांत मोठा वणवा होता. जळालेल्या उतारावरची माती पाणी शोषत नाही, त्यामुळे एरवी जो पाऊस जिरून गेला असता तो राख, दगड आणि ओंडके घेऊन खाली येतो. २० जुलै २०२१ रोजी ब्लॅक हॉलो या बाजूच्या ओढ्यातून असाच लोंढा पूडरमध्ये उतरला, घरे वाहून गेली आणि माणसे दगावली. जंगल आता हिरवे दिसू लागले असले तरी मोठ्या जळीत क्षेत्राखालच्या घळींबद्दलची सावधगिरी सोडू नये.

वजन आणि जोडणी

समजा भरलेल्या ट्रेलरचे वजन ४,००० पौंड, म्हणजे सुमारे १,८०० किलो आहे. त्यापैकी १० ते १५ टक्के, म्हणजे ४०० ते ६०० पौंड भार हिचच्या बॉलवर, म्हणजे गाडीच्या मागे ट्रेलर जोडण्यासाठी असलेल्या गोळ्यावर, यायला हवा. हा भार कमी पडला की महामार्गावर ट्रेलर मागे शेपटीसारखा डोलू लागतो आणि तो डोल सावरणे नवख्याच्या हाती नसते. म्हणून जड सामान चाकांच्या आसाच्या किंचित पुढे, तळाशी आणि दोन्ही बाजूंना सारखे वाटून ठेवावे. तांदळाची गोणी, बिडाचा तवा आणि कुकर मागच्या कपाटात कोंबण्याची चूक मी पहिल्या खेपेला केली होती. पाणीही मोजावे, एक गॅलन पाणी सव्वाआठ पौंडांच्या थोडे वर भरते, म्हणजे ३० गॅलनची टाकी भरून नेली तर २५० पौंडांची भर पडते.

जोडणी करताना बॉलचे माप ट्रेलरच्या कपलरवर, म्हणजे बॉलवर बसणाऱ्या तोंडावर, कोरलेल्या मापाशी जुळले पाहिजे. दोन इंचांचा बॉल आणि दोन पूर्णांक पाच-षोडशांश इंचांचा कपलर एकमेकांत बसल्यासारखे वाटतात, पण पहिल्याच खड्ड्यात सुटतात. कपलर बसवून खिळ लावल्यावर जॅकने ट्रेलरचे नाक वर उचलून पाहावे. गाडीची मागची बाजू बरोबर उचलली गेली तर जोडणी पक्की आहे. सुरक्षा साखळ्या खालून एकमेकींना छेद देऊन लावाव्यात, म्हणजे कपलर सुटलाच तर तो त्यांच्यावर झेलला जातो. ट्रेलर तुटल्यास ब्रेक आपोआप लावणारी बारीक तार या साखळ्यांना न अडकवता गाडीला स्वतंत्रपणे अडकवावी.

टायरचे वय बाजूवरच्या संकेतांकातील शेवटच्या चार आकड्यांवरून कळते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी जुने होऊन फुटतात, त्यामुळे नक्षी शाबूत दिसते म्हणून निर्धास्त राहू नये.

दरीतला रस्ता

ट्रेलर ओढणाऱ्या साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती दर हजार फूट उंचीमागे सुमारे तीन टक्क्यांनी घटते. फोर्ट कॉलिन्स पाच हजार फुटांवर आहे आणि दरीच्या मध्यभागातील कॅम्पग्राउंड साडेसहा हजारांच्या आसपास, त्यामुळे चढताना गाडी मंद वाटली तर घाबरून जाऊ नये. मागे गाड्यांची रांग लागली की रुंद जागा पाहून बाजूला थांबावे आणि त्यांना जाऊ द्यावे. उतरताना ब्रेकवर पाय दाबून ठेवण्याऐवजी आधीच खालचा गिअर घ्यावा.

मोबाइलचे जाळे दरीत शिरल्यावर लवकरच नाहीसे होते. म्हणून राष्ट्रीय हवामान सेवेच्या बोल्डर येथील कार्यालयाचा अंदाज शहर सोडण्यापूर्वी वाचून घ्यावा, नकाशा उतरवून ठेवावा आणि घरी कोणाला तरी आपला जागेचा क्रमांक व परतीची वेळ सांगून ठेवावी.

ट्रेलर उभा करण्याचा क्रम

इथे घाई केल्यास पुढचे सगळे बिघडते. ट्रेलर मागे घेताना एका व्यक्तीने बाहेर उभे राहून दिशा द्यावी आणि चालकाला आरशात ती व्यक्ती दिसेनाशी झाली तर त्याने थांबावे, हा नियम आधीच ठरवावा. पती-पत्नींमधले निम्मे वाद त्याने टळतात.

ट्रेलर गाडीपासून सोडवण्यापूर्वी त्याची डावी-उजवी बाजू समतल करावी. पाणसळ दाराच्या उंबऱ्यावर ठेवून पाहावी आणि जी बाजू खाली असेल त्या चाकाखाली फळ्या सरकवून ट्रेलर त्यांवर चढवावा. मग दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून-मागून अडसर लावावेत. हे झाल्यानंतरच कपलर सोडावा आणि पुढच्या जॅकने पुढची-मागची पातळी साधावी. चार कोपऱ्यांतले आधार सर्वांत शेवटी, नुसते जमिनीला टेकतील एवढेच उतरवावेत. ते ट्रेलर डुलू नये म्हणून असतात, उचलण्यासाठी नव्हे. ट्रेलरमधला गॅसवर चालणारा जुन्या पद्धतीचा फ्रिज तिरका राहिला तर नीट चालत नाही, त्यामुळे ही पाणसळ केवळ झोपेच्या सोयीसाठी नसते.

मुक्काम एकाच रात्रीचा असेल आणि जागा मुळातच सपाट असेल तर गाडी सोडवूच नये. सोडवलीच तर तिचे तोंड बाहेरच्या रस्त्याकडे करून ठेवावी आणि किल्ली रोज एकाच खिळ्याला अडकवावी.

बाजूचे कापडी छप्पर, म्हणजे ऑनिंग, उघडताना एक कोपरा दुसऱ्यापेक्षा फूटभर खाली ठेवावा. पावसाचे पाणी कापडावर साचले की त्या वजनाने धातूचे हात वाकतात, आणि हा धडा मी दुरुस्तीचे पैसे मोजून शिकलो आहे. वारा वाढू लागला किंवा आपण फिरायला निघालो की ते गुंडाळावे. रात्री ते कधीही उघडे ठेवू नये.

पाणी वाढले तर

सांगलीकडचा माणूस आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आले, हे विचारत मोठा होतो. २०१९ साली तिथे पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली, पण ती चढायला काही दिवस लागले आणि प्रत्येक फुटाची बातमी होत राहिली. डोंगरातल्या अरुंद दरीत तेवढी सवड मिळत नाही, आणि संथ पुराचा अनुभव असलेला माणूस इथे उलट जास्त वेळ थांबतो, असे मला वाटते.

पूडरच्या दक्षिणेला असलेल्या बिग थॉम्पसन दरीत ३१ जुलै १९७६ च्या संध्याकाळी जे घडले ते या भागात ट्रेलर नेणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावे. दुसऱ्या दिवशी राज्याच्या स्थापनेची शंभरी होती आणि दरी सुट्टीसाठी आलेल्या लोकांनी भरलेली होती. वरच्या भागात काही तासांत सुमारे १२ इंच पाऊस कोसळला आणि दरीच्या मुखाशी विसर्ग ३१,००० क्युसेकच्या वर गेला. १४४ माणसे मरण पावली. खालच्या भागात तेव्हा फारसा पाऊसही नव्हता. मोटारीने दरीतून खाली पळून जाण्याचा प्रयत्न करणारे अनेक जण रस्त्यावरच गाठले गेले, तर गाडी सोडून उतारावर काही फूट चढलेले वाचले. त्यानंतर कोलोरॅडोच्या दऱ्यांमध्ये ‘पूर आल्यास वर चढा’ अशा अर्थाच्या पाट्या लावण्यात आल्या. त्या पाट्यांवर गाडीचे चित्र नाही, उतार चढणारा माणूस आहे.

यावरून दोन वेगळे निर्णय आधीच ठरवून ठेवावेत. पहिला निर्णय निवांत वेळेचा आहे. ‘फ्लॅश फ्लड वॉच’ जाहीर झाला असेल, म्हणजे पूर येण्याजोगी परिस्थिती असेल, तर त्याच दुपारी ट्रेलर जोडून दरीबाहेर पडावे किंवा त्या दिवशी जाणेच रद्द करावे. आरक्षणाचे पैसे बुडतात, बुडू द्यावेत. दुसरा निर्णय तातडीचा आहे. ‘वॉर्निंग’, म्हणजे पूर आला आहे किंवा येतोच आहे असा इशारा, आली किंवा नदी डोळ्यांदेखत चढू लागली तर ट्रेलर जोडण्याचा विचारही करू नये. सराईत माणसालासुद्धा अंधारात, पावसात जोडणीसाठी पंधरा-वीस मिनिटे लागतात आणि नेमकी तेवढीच मिनिटे हाताशी नसतात. ट्रेलर, फ्रिजमधले सामान, लॅपटॉप तिथेच सोडून पायी वर चढावे.

कुठे चढायचे ते दिवसाउजेडी ठरवावे आणि मुलांना व आजी-आजोबांना एकदा प्रत्यक्ष चालवून दाखवावे. वाट घळीतून किंवा ओढा ओलांडून जाणारी नसावी. वाहते पाणी घोट्याच्या वर, म्हणजे सहा इंच असले तरी प्रौढ माणसाला पाडू शकते आणि फूटभर पाणी लहान मोटार वाहून नेते. रात्री झोपताना प्रत्येकाचे बूट दाराशी, टॉर्च उशाशी आणि पावसाळी जाकिटे एका खुंटीला असावीत.

पाण्यावर लक्ष ठेवण्यासाठी पोहोचल्याबरोबर काठाशी एक काठी रोवावी किंवा ओळखीचा दगड हेरावा आणि येता-जाता पाहावे. पाणी अचानक गढूळ होणे, त्यातून पाने व काटक्या वाहत येणे, आवाज भरड होणे किंवा तळाशी दगड एकमेकांवर आपटल्यासारखे ऐकू येणे, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर खात्री करत बसू नये. वरच्या बाजूला काळे ढग आणि आपल्याकडे ऊन असले तरी हेच लागू आहे.

बॅटरीवर चालणारा हवामान रेडिओ जरूर न्यावा. त्याचे प्रक्षेपण १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झ दरम्यानच्या सात वाहिन्यांवर होते आणि धोक्याची सूचना आली की तो स्वतःहून वाजतो. दरीत तो प्रत्येक ठिकाणी लागेलच असे नाही, म्हणून पोहोचताच लावून पाहावा. लागत नसेल तर ढगाळ रात्री दोघांनी आळीपाळीने जागे राहणे किंवा मुक्काम हलवणे, हेच पर्याय उरतात.

विजांच्या बाबतीत पत्र्याच्या छताची बंद मोटार ही सर्वांत भरवशाची जागा आहे. फायबरग्लासचा ट्रेलर किंवा तंबू यांवर विसंबू नये. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नये.

थंड रात्र

प्रोपेनच्या २० पौंडी सिलिंडरमध्ये सुमारे ४,३०,००० बीटीयू (उष्णतेचे एकक) उष्णता असते. ट्रेलर उबदार ठेवणारी ताशी २०,००० बीटीयूची भट्टी तो सलग साधारण २१ तास चालवतो. सप्टेंबरच्या रात्री भट्टी निम्मा वेळ चालू राहते असे धरले तर चार-पाच रात्री सहज निघतात. गॅस पुरतो, संपते ती बॅटरी. भट्टीचा पंखा १२ व्होल्टवर सुमारे पाच अँपिअर घेतो, म्हणजे एका रात्रीत २० ते २५ अँपिअर-तास जातात. १०० अँपिअर-तासांच्या साध्या शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्मीच वीज काढणे तिच्या आयुष्याच्या दृष्टीने योग्य असते, त्यामुळे दिवे आणि पंप धरून दोन रात्रींत हिशेब संपतो. दरीतल्या बहुतेक वनखात्याच्या जागांवर विजेची जोडणी नसते. झाडांची सावली आणि ढग यांमुळे सौरपट्टीही अपेक्षेपेक्षा कमी देते, म्हणून थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटवर (सुमारे १३ सेल्सिअस) ठेवून जाड रजया न्याव्यात.

उबेसाठी स्वयंपाकाची शेगडी किंवा कोळशाची अंगीठी आत पेटवण्याची कल्पना कोणाच्याही मनात येऊ देऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग आणि वास नसतो आणि झोपलेला माणूस जागाच होत नाही. त्याचा आणि गॅसगळतीचा असे दोन्ही गजर निघण्यापूर्वी बटण दाबून तपासावेत, शिवाय त्यांच्या मागे छापलेली मुदतही पाहावी.

चार माणसांच्या श्वासांनी आणि कुकरच्या वाफेने काचांवर पाणी जमते व सकाळी गाद्या दमट लागतात. थंडी असली तरी छतावरची खिडकी बोटभर उघडी ठेवल्यास हे बरेच कमी होते. तापमान गोठणबिंदूकडे जाणार असेल तर बाहेरचा पाण्याचा पाइप रात्री काढून, रिकामा करून ठेवावा.

स्वयंपाकाबद्दल थोडेच. साडेसहा हजार फुटांवर पाणी ९३ अंश सेल्सिअसच्या आसपास उकळते, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर ठेवूनही बोटचेपी होत नाही. कुकर हवाच, आणि नेहमीपेक्षा एक-दोन शिट्ट्या जास्त. थालीपिठाची भाजणी आणि पिठल्याचे साहित्य घरून मोजून नेले की पावसात अडकल्यावरही पंधरा मिनिटांत जेवण होते. अस्वलांचा वावर असल्यामुळे खरकटे, तेलाची बाटली किंवा कचऱ्याची पिशवी बाहेर ठेवू नये.

परतीच्या दिवशी

सांडपाणी जमिनीवर किंवा नदीच्या दिशेने सोडणे चूक आहे, ते भांडी धुतलेले ‘साधे’ पाणी असले तरीही. टाक्या रिकाम्या करण्याचे ठिकाण कॅम्पग्राउंडवर बहुधा नसते, म्हणून परतीच्या वाटेवरचे ठिकाण आधीच शोधून ठेवावे. तिथे आधी शौचालयाची टाकी सोडावी आणि नंतर मोरीची, म्हणजे दुसऱ्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. मुक्कामात शौचालयाच्या टाकीची झडप बंदच ठेवावी. ती उघडी राहिली तर पाणी निघून जाते आणि घट्ट भाग आत थिजतो.

निघताना कोपऱ्यांचे आधार, पायरी, छतावरची खिडकी आणि अँटेना ही चार ठिकाणे एकाने पाहावी आणि दुसऱ्याने पुन्हा पाहावी. ऑनिंग ओले असताना गुंडाळावे लागले असेल तर घरी पोहोचल्यावर ते दुसऱ्याच दिवशी उन्हात पूर्ण उघडावे. तीन दिवस तसेच राहिले तर कापडावर काळी बुरशी धरते आणि ती नंतर कशानेही जात नाही.